१२ ऑगस्टची शुक्र-गुरू युती: पहाटेचे फोटो कसे काढायचे

ध्रुवमत्स्य

येत्या मंगळवारी, १२ ऑगस्ट २०२५ ला पहाटे, शुक्र आणि गुरू मिथुन राशीत एकमेकांपासून जेमतेम ०.९ अंशावर असतील. हात लांब करून करंगळी आडवी धरली तर दोघंही तिच्यामागे झाकले जातील, एवढंच अंतर. खरी जवळीक आपल्याकडे दिवसा होते, त्यामुळे १२ ची पहाट हीच आपली सर्वांत जवळची वेळ.

पुण्याच्या हिशेबाने वेळा देतो. सूर्योदय साधारण सव्वासहाचा. ग्रह पावणेचारच्या आत उगवतात, पण थेट पूर्वेला नाही, थोडे ईशान्येकडे. सव्वापाचला ते वीस-एकवीस अंश वर आलेले असतील, ५:३५ ला पंचविसाच्या आसपास. मुंबईकरांनी चारेक मिनिटं पुढे धरा, नागपूरकरांनी वीसेक मिनिटं मागे. फोटोची खरी वेळ ५:१५ ते ५:५०. त्याआधी आकाश काळं, त्यानंतर गुरू फिका पडतो.

ग्रहांकडे तोंड केलं की उजवीकडचा झगझगीत तो शुक्र (प्रत, म्हणजे तेजाचं माप, -४.०; आकडा जितका खाली तितकं तेज जास्त), डावीकडचा गुरू (प्रत -१.९). गुरूच्या आणखी डावीकडे पुनर्वसूचे दोन तारे.

कुठली लेन्स, किती एक्स्पोजर, पावसाचं काय करायचं, हे सगळं इथेच बोलू. राशिभविष्य कृपया दुसऱ्या धाग्यावर.

खटपट्या

सुरुवात करतो. १.६ क्रॉपचा (फुल फ्रेमपेक्षा १.६ पट लहान सेन्सरचा) कॅमेरा धरला तर चौकटीची लांब बाजू अशी येते: ३५ मिमीला ३५ अंश, ५० ला २५, ८५ ला १५, २५० ला ५, ४०० ला ३.२, ६०० ला २.१. म्हणजे ०.९ अंशाची जोडी ६०० मिमीमध्येही आरामात बसते. मोठी लेन्स असेल त्याने मोठी वापरावी. तारे रेघ न होता किती सेकंद एक्स्पोजर द्यायचं, त्यासाठी नेहमीचा ५०० चा नियम: ५०० भागिले फोकल लांबी भागिले क्रॉप. ५० मिमीला सहा सेकंद.

चष्मिष

५०० चा नियम इथे बाद. तो फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला. गणित करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. ५० मिमी लेन्सवर एक पिक्सेल म्हणजे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). या भागात आकाश सेकंदाला १४ विकला सरकतं. सहा सेकंदांत ८४ विकला, म्हणजे साडेपाच पिक्सेलची रेघ. आकाशगंगेच्या फोटोत हजार ताऱ्यांच्या गर्दीत कुणी बघत नाही. इथे चौकटीत दोनच ठिपके आहेत आणि बघणारा त्यांच्याकडेच बघणार. शुक्र चक्क लांबुळका भात दिसतो.

दोन पिक्सेलच्या आत रहायचं तर ५० मिमीला २ सेकंद, ३५ ला ३ सेकंद, २५० ला ०.४ सेकंद, ४०० ला पाव सेकंद. लक्षात ठेवायला: १०० भागिले फोकल लांबी. फुल फ्रेमवाल्यांनी आपला पिक्सेल आकार बघून थोडी सूट घ्यावी.

ध्रुवमत्स्य

+१. आणि मोठी लेन्स म्हणजे चांगला फोटो, हेही इथे खरं नाही. दोन वेगळे फोटो आहेत. एक देखावा: देऊळ, डोंगर, तांबडं फुटताना वर दोन दिवे. दुसरा बिंबांचा: गुरू, त्याचे चार चंद्र, शेजारी शुक्र. एका पहाटे दोन्हींच्या मागे लागलं की एकही धड होत नाही. आदल्या रात्री ठरवा आणि तेवढीच लेन्स घेऊन जा.

चष्मिष

बिंबांच्या फोटोतली गोम आधी सांगतो, कारण यावर सगळे आपटतात. एकूण उजेडात शुक्र गुरूच्या सातपट. पण शुक्राचं बिंब आत्ता १३ विकला आणि तेही ८० टक्केच उजळलेलं. गुरूचं ३३ विकला. सातपट उजेड जेमतेम आठव्या हिश्श्याच्या जागेत कोंबलेला! त्यामुळे दर पिक्सेलमागे शुक्र गुरूच्या पन्नासपट तरी प्रखर. साडेपाच स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कारण सरळ आहे: शुक्र सूर्यापासून ०.७२ खगोलीय एककावर (एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), गुरू ५ च्या पुढे, वर शुक्राचे ढग पांढरेफटक.

त्यामुळे एका एक्स्पोजरमध्ये दोघंही नीट येणार नाहीत. एफ/५.६ ला या आकड्यांपासून सुरुवात करा:

शुक्राचं बिंब: आयएसओ १००, १/१६००
गुरूचं बिंब: आयएसओ ४००, १/१२५
गुरूचे चंद्र: आयएसओ १६००, १/४ (इथे दोन्ही बिंबं जळून गोळे होतात, होऊ द्या)

प्रत्येकी वीस-तीस फ्रेम घ्या. वातावरण क्षणाक्षणाला हलतं, त्यातल्या चार-पाचच कामाच्या निघतात.

नवखा_निरीक्षक

२५० मिमीची किट झूम आहे. गुरूचे पट्टे दिसतील का?

चष्मिष

नाही. २५० ला एक पिक्सेल म्हणजे ३ विकला. गुरू अकरा पिक्सेलचा, शुक्र चार. पट्ट्यांची आशा सोडा. चंद्र मात्र नक्की येतात: आयो फार तर ३२ पिक्सेल दूर जातो, कॅलिस्टो १४० पर्यंत. त्या पहाटे कोण कुठल्या बाजूला आहे ते स्टेलॅरियमवर (आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप) आधीच बघून ठेवा, नाहीतर एखाद्या हॉट पिक्सेलला (सेन्सरवरच्या कायम पेटलेल्या ठिपक्याला) चंद्र समजाल. दोन फ्रेममध्ये चौकट किंचित हलवा: आकाशातली वस्तू चौकटीबरोबर सरकते, हॉट पिक्सेल जागचा हलत नाही.

माणदेशी

सगळं खरं, पण ऑगस्ट आहे हे कुणी बोलेना. कोकण आणि घाटमाथा विसरा. पर्जन्यछायेत या: माण, खटाव, इंदापूर, करमाळा, सांगोला. तिथे ऑगस्टमध्ये आकाश पूर्ण मोकळं नसतं, पण ढग तुटक असतात आणि पहाटे फटी पडतात. आदल्या रात्री अंदाजाच्या अ‍ॅपवर टक्के बघत बसण्यापेक्षा हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅट उपग्रहाची इन्फ्रारेड चित्रं बघा. शेवटच्या तीन-चार तासांची मागेपुढे करून बघितली की ढगांचा पट्टा कुठे सरकतोय ते कळतं. दृश्य प्रकाशातलं चित्र रात्री काळंच असतं, ते उघडून 'वा, ढग नाहीत' म्हणू नका.

आणि १२ तारखेलाच चिकटून बसू नका. शुक्र गुरूच्या तुलनेत रोज अंशभर खाली सरकतो. ११ ला अंतर दीडेक अंश, १३ ला सव्वाच्या आत. ११ ला शुक्र वर, १२ ला दोघं शेजारी, १३ पासून शुक्र खाली. तीन पहाटा हातात आहेत. १० ते १४ रोज एकाच जागेवरून, एकाच लेन्सने, एकाच वेळी एक फ्रेम मिळाली तर पाच फोटोंची मालिका एका युतीच्या फोटोपेक्षा जास्त बोलते. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीत तीन खिळे ठोकून ठेवा.

खटपट्या

ढगांच्या फटीसाठी इंटर्व्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारा टायमर). पावणेपाच ते ५:५०, दर २० सेकंदांनी तीन फ्रेमचं ब्रॅकेटिंग, म्हणजे एकच फोटो तीन एक्स्पोजरने, दोन-दोन स्टॉपच्या फरकाने. होतात ५८५ फ्रेम, २५ एमबीची रॉ धरली तर १५ जीबी. ३२ चं कार्ड पुरतं. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' आठवणीने बंद करा. नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि नेमकी फट हुकते.

पातळ ढग आला तर थांबू नका. शुक्राभोवती तेजाचं वलय येतं, ते छान दिसतं. फक्त एक-दोन स्टॉप वाढवा.

काजळमाया_७२

आर्द्रतेबद्दल लिहितो, कारण पावसाळ्यात फोटो ढगांपेक्षा लेन्सवरच्या दवानेच जास्त जातात. आणि ते तिथे कळत नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नुसतं 'मऊ' दिसतं, घरी आल्यावर प्रत्येक ठिपक्याभोवती धुकट गोळा.

काच मोकळ्या आकाशाकडे तोंड करून राहिली की भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. हवेत ९०-९५ टक्के बाष्प असताना एखादा अंश थंड झाली तरी पुरे, पाणी धरतं. उपाय तिला किंचित ऊब देणं. यूएसबीवर चालणारी ड्यू हीटरची पट्टी मिळते, ५ व्होल्ट, सात ते दहा वॉट. साधी १०,००० एमएएचची पॉवरबँक तीन तास सहज ओढते. पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला, हूडच्या मागे गुंडाळा. फोकस रिंगवर नको, रिंग हलते. पट्टी नसेल तर मोजा आणि हॅन्डवॉर्मरची पुडी रबरबँडने बांधा. दव धरल्यावर सुती रुमालाने पुसायची ऊर्मी आवरा, पुन्हा तीन मिनिटांत धरतं आणि वर रेघोट्या.

उलटा प्रकार एसीचा. एसीच्या खोलीतून बॅग बाहेर काढली तर अर्धा-पाऊण तास बंदच ठेवा. एसी लावलेल्या गाडीतून जाताना बॅग डिकीत. परत आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत कोंबू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, डब्यात ४५-५० टक्के आर्द्रता राहील असं बघा. बुरशी एकदा काचेच्या आत गेली की दुरुस्तीचा खर्च किट लेन्सच्या किमतीएवढा होतो.

पावसाच्या सरीसाठी हॉटेलातली आंघोळीची प्लॅस्टिक टोपी. कॅमेऱ्यावर अशी बसते की तिच्यासाठीच शिवली आहे.

देवळाशेजारी

मला देखावा हवाय. दीपमाळ आणि वर दोन ग्रह. ५० मिमी एफ/१.८ आहे.

ध्रुवमत्स्य

५० उभी धरली तर २५ अंश. दीपमाळेचा पाया घेतला तर ५:३५ ला ग्रह वरून बाहेर. ३५ मिमी मागून आणा, नाहीतर किट झूम ३५ वर लावा.

अंतर काढायचं ते असं. दीपमाळ नऊ मीटरची, कॅमेरा दीड मीटरवर, म्हणजे साडेसात मीटर उरले. पंचवीस मीटरवर उभं राहिलं की टोक १७ अंशांवर दिसतं. ५:२० ला ग्रह बावीस अंशांवर, टोकापासून पाच अंश वर. पुढे ते वर आणि जरा उजवीकडे सरकत जातात, तेव्हा सुरुवातीला टोकाच्या किंचित डावीकडेच ठेवा. दिशा होकायंत्रावर ७३ अंशांच्या जवळपास.

हे पंचवीस मीटर फोकसलाही सोयीचे. ३५ मिमी, एफ/२.८, क्रॉप सेन्सर: फोकस अनंतावर असताना २३ मीटरपासून पुढचं सगळं खणखणीत. त्याहून जवळ गेलात तर दीपमाळेचे हात मऊ पडतात आणि एफ/४ वर जावं लागतं.

एफ/२.८ ला साधारण असं: ५:२० ला आयएसओ १६००, २ सेकंद. ५:३५ ला ८००, २ सेकंद. ५:५० ला ४००, पाव सेकंद. साडेपाचनंतर आकाश दर तीन-चार मिनिटांना एक स्टॉप उजळतं, त्यामुळे एकदा लावून चहाला जाऊ नका.

माणदेशी

दोन भर. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर दीपमाळ समोर अंगणात, म्हणजे कॅमेरा देवळाच्या पायरीवर येतो. मस्त जागा. पौर्णिमा ९ ची, त्यामुळे १२ ला पहाटे चंद्र तुमच्या पाठीमागे पश्चिमेला पंचेचाळीस अंशांवर, चांगला भरलेला. तोच दीपमाळ उजळतो, टॉर्च मारायची गरज नाही. पण शिखर बारा मीटरचं असेल तर त्याची सावलीही बारा मीटर अंगणात पडते. दीपमाळ त्या सावलीत येते का, ते ११ ला जाऊन बघा. (त्याच चंद्राशेजारी शनी आहे, वेळ मिळाला तर मान वळवा.)

दुसरं: ११ ला श्रावणी सोमवार, १२ ला अंगारकी. ११ ला शंकराच्या देवळात गेलात तर पहाटेपासून हॅलोजन आणि रांग, १२ ला गणपतीच्या देवळात तेच. तेव्हा ११ ला गणपती, १२ ला महादेव. पुजाऱ्यांना आदल्या दिवशी विचारा, मोठा दिवा दहा मिनिटं बंद ठेवायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

न्यूजर्सीचा_भाऊ

इकडे पाऊस नाही, पण क्षितिजावर झाडं. आमच्याकडे १२ ला की १३ ला?

ध्रुवमत्स्य

१२ लाच. तुमची पहाट आमच्यानंतर साडेनऊ तासांनी, म्हणजे तुम्हाला जवळीक आमच्याइतकी किंवा किंचित जास्तच मिळेल. सूर्योदयाआधी तासभर ग्रह झाडांच्या वर आलेले असतील.

दुर्बिणवाला

आठ इंची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, १२०० मिमी. डीएसएलआर लावून दोघं एका चौकटीत?

चष्मिष

बसतात, पण जेमतेम. लांब बाजू १.०६ अंश, आखूड ०.७१. कॅमेरा फोकसरमध्ये फिरवून लांब बाजू दोघांच्या रेषेत आणावीच लागेल. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावलात तर एकच ग्रह उरेल. ग्रहांचा छोटा कॅमेरा इथे निरुपयोगी, त्याचं क्षेत्र पाव अंशाचं.

खरी अडचण दुसरी. बऱ्याच डॉब्सना डीएसएलआरने फोकसच येत नाही, प्रतिमा फोकसरच्या आतच पडते. आत्ताच चंद्रावर तपासा. फोकसर पूर्ण आत घेऊनही येत नसेल तर मुख्य आरशाच्या स्क्रूंनी आरसा थोडा पुढे आणा, आणि नंतर कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) पुन्हा. सहा इंची ७५० मिमी न्यूटोनियनवाले सुखी, १.७ बाय १.१ अंश.

वीस-पंचवीस अंश उंचीवर वातावरण लोलकासारखं वागतं. तांबड्या आणि निळ्या प्रतिमेत तीनेक विकलांचं अंतर पडतं, गुरूची एक कड निळी, दुसरी तांबडी. ती लेन्सची चूक नाही. रजिस्टॅक्स किंवा सिरिलमध्ये आरजीबी चॅनेल जुळवले की जाते.

सूर्योदयानंतर दुर्बीण शुक्रावर धरून पुढे चालू ठेवायचा मोह होईल. सूर्य ३४-३५ अंशांवर असतो. शुक्र चौकटीतून निसटला की दुर्बीण हाताने फिरवून शोधायचा नाही. झाकण लावा आणि थांबा.

मोबाइलवाली

फक्त फोन असेल तर?

खटपट्या

देखावा येतो. ट्रायपॉड, प्रो मोड, मुख्य कॅमेरा, आयएसओ ४००, १ सेकंद, फोकस हाताने अनंतावर, ३ सेकंदांचा टायमर. नाइट मोड टाळा, तो बऱ्याच फ्रेम एकत्र करून शुक्राचा लोण्याचा गोळा करतो. आणि ३x दाबलं म्हणजे टेलि लेन्स चालू झाली असं समजू नका. अंधारात बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा मोठा करून देतात. टेलि लेन्सवर बोट ठेवा: पडदा काळा झाला नाही तर ती चालूच नाही.

अर्धवट_ढग

वेगवेगळी एक्स्पोजर एकत्र करणं म्हणजे फसवणूकच नाही का?

चष्मिष

शुक्र, गुरू आणि गुरूचे चंद्र एकाच लेन्सने, एकाच जागी, दोन मिनिटांच्या आत घेतलेत आणि त्यांचं अंतर व आकार जसेच्या तसे ठेवलेत तर नाही. डोळा जे एका दृष्टिक्षेपात पेलतो ते सेन्सरला पेलत नाही, एवढंच. चंद्रांच्या फ्रेमवर बिंबांचा थर ठेवायचा, मऊ कडेचा गोल मास्क, संपलं. ३५ मिमीच्या देखाव्यावर ६०० मिमीचा गुरू चिकटवला तर ती फसवणूक. दर युतीला असे फोटो फिरतातच, देवळावर टेनिस बॉलएवढा गुरू.

माणदेशी

ढगांनी सगळं खाल्लं तर २० ऑगस्टची पहाट राखून ठेवा. तोवर शुक्र-गुरू सात-आठ अंश लांब गेलेले, पण मध्ये डावीकडे दहा टक्क्यांची चंद्रकोर आणि खाली बुध. ५० मिमी आडवी, एफ/२.८, आयएसओ ८००, १ सेकंद: चंद्राचा काळा भागही राखाडी उजेडात दिसेल. त्याच्यापुढे १६ नोव्हेंबर २०२६ च्या पहाटेला मंगळ-गुरू सिंहेत, अंतर सव्वाएक अंश, आणि तेव्हा पाऊस नाही. त्या जोडीत बिंबांच्या प्रखरतेचा फरक दोन स्टॉपच्या आत, म्हणजे एकच एक्स्पोजर पुरेल.

देवळाशेजारी

आज पहाटे शुक्रावर चाचणी घेतली. चौकटीत शुक्र वर डावीकडे आणि खाली उजवीकडे एक फिका हिरवा ठिपका. प्रत्येक फ्रेममध्ये. बुध?

खटपट्या

चौकटीच्या मध्यबिंदूतून शुक्रापासून रेघ ओढा. ठिपका बरोबर पलीकडे, तेवढ्याच अंतरावर आहे ना?

देवळाशेजारी

हो, अगदी.

खटपट्या

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. शुक्राचा उजेड सेन्सरवरून उलटा फिरून फिल्टरवर आपटतो आणि परत येतो. आणि फोकस पुन्हा तपासा: लाइव्ह व्ह्यू दहापट, शुक्र सर्वांत लहान दिसेल तिथे थांबा, मग रिंगवर चिकटपट्टी. लेन्सचं स्थिरीकरण बंद, ट्रायपॉडचा मधला दांडा खाली.